खडकी, अठ्ठावीस मिलिमीटर

दिवसा मी दात बनवते.
नारायण पेठ, दुसरा मजला, खिडकी उत्तरेला.
दातांच्या सोळा छटा असतात
आणि त्यातली एकही पांढरी नसते,
हे कुणाला सांगून पटत नाही.

रात्री त्याच दिव्याखाली, त्याच भिंगातून
शून्य-शून्य नंबरच्या ब्रशाने
मी कंपनी सरकारची पलटण रंगवते.

लाल कोट कुणालाच नको होते.
खडकीची लढाई मांडायची ठरली
आणि इंग्रजांकडून कोण, असं विचारल्यावर
सगळ्यांना आपापली कामं आठवली.
मोघे म्हणाले, आमच्या घरात नाही चालणार, आई बोलेल.
मोघे एकसष्ट वर्षांचे आहेत.
म्हटलं, आणा इकडे.

लाल सोपा असतो.
आधी तपकिरी, त्यावर गेरू, मग लाल,
आणि कोपराच्या घडीवर, श्वास धरून,
नारिंगीची एकच रेघ.
अडतं ते तोंडापाशी.
परदेशी बाटलीवर 'त्वचा' म्हणून जो रंग होता
तो उकडलेल्या कोळंबीचा.
झाकण लावलं, ठेवून दिला.
कारण हे शिपाई कुठले?
चिपळूणकडचे, वाईकडचे,
पगार एक तारखेला होतो म्हणून गेलेले.
बशीत मिसळत बसले. कधी फार पिवळं, कधी राख.
शेवटी नौशाद तांबोळींना फोन केला.
त्यांचं लक्ष्मी रोडला चष्म्याचं दुकान,
आणि त्यांच्याकडे समोरची सगळी फौज:
एकशे दहा घोडेस्वार,
एकाची शेपटी दुसऱ्यासारखी नाही.
"तुम्ही तोंडांना काय वापरता?"
त्यांनी प्रमाण सांगितलं. तेच बसलं.
आता मी दोन बाटल्या भरते.
एक त्यांना देते.

प्लास्टरच्या साच्यांवर नावं खरवडलेली असतात.
खळदकर, वरचा डावा सुळा.
गुंदेचा, खालच्या दोन दाढा.
मिस्किटा बाई, पूर्ण कवळी, घाई आहे.
माणसं मी बघत नाही कधी, फक्त चावा बघते.
कोण रात्री दात खातं, ते मला ठाऊक असतं.
शिपायांच्या पायांखालच्या चकतीवर
उलट्या बाजूला, पेन्सिलने,
मी हीच नावं लिहिते.
दुसरी कुठून आणणार?

रविवारी औंधच्या सोसायटीत
टेबल टेनिसचं जाळं काढून लढाई लागली.
ओढ्यापाशी दलदल आहे, ती मी केलेली,
कवळीच्या ॲक्रिलिकची, हिरवट, ओली दिसणारी,
आणि नकाशापेक्षा अर्धा इंच जास्त.
तो अर्धा इंच माझ्या हातून कसा गेला
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
घोडे दर वर्षी तिथेच रुततात.
मोघे दर वर्षी "च्" करतात.

मधेच खालच्या मजल्यावरची शाल्मली आली,
किल्ल्यावरून उचललेला मातीचा मावळा घेऊन,
आमच्या घोडेस्वाराच्या दुप्पट उंच,
आणि ठेवून गेली, बरोब्बर दलदलीच्या काठावर.
नियमात बसत नव्हता.
कुणी उचलला नाही.

त्याच वळणावर तांबोळींना दोन सहा पडले.
त्यांनी माझ्या पहिल्या रांगेतला एक
दोन बोटांनी हलकेच आडवा केला,
चष्मा पुसतात तशा हाताने.
चकती वर आली.
खळदकर.

आज विद्यापीठ चौकात रिक्षा अर्धा तास अडकली.
तांबोळी म्हणतात, लढाई झाली ती इथेच कुठेतरी.
पुढे काही हलत नव्हतं, चाकं रुतल्यासारखी.
शेजारच्या स्कूटरवर एक गृहस्थ
फोनवर कुणाला तरी सांगत होते,
"अगं, पोचतोय, पोचतोय, जेवून घ्या तुम्ही,"
आणि हसले.
वरचा डावा सुळा.
छटा ए साडेतीन, कडेला किंचित करडी,
ती करडी मी मुद्दाम ठेवली होती,
शेजारच्या दाताला एकटं वाटू नये म्हणून.

हाक मारणार होते.
पण काय म्हणून?
सिग्नल सुटला. ते गेले खडकीच्या बाजूला,
हेल्मेट हँडलला अडकवून.
घालायला हवं होतं.