सुकती, मिनिटं एकाहत्तर

चित्रपटकोशाचा ‘स’ खंड माझ्याकडे आहे,
म्हणून देवगडला उतरलो, पूल ओलांडून
तारामुंबरीत आलो, पिशवीत नियमावली घेऊन.

नियम साधे आहेत. निम्मे मीच केलेत.
चित्रगृहात प्रदर्शन, किंवा एखादा पुरस्कार,
नाहीतर दोन परीक्षणं, तीही अशा माणसांची
ज्यांनी दिग्दर्शकाच्या घरचं मीठ खाल्लेलं नाही.

‘सुकती’ला एकच परीक्षण. लिहिणारा
लवू कोयंडेचा सख्खा साडू.
प्रदर्शन: एक खेळ. लिलावाच्या शेडमध्ये,
शिडाच्या कापडावर, होड्या वर ओढलेल्या असताना.
प्रेक्षक कोणी साठ सांगतं, कोणी दोनशे.
एकाने मलाच विचारलं, कुत्री धरून की सोडून?

लवू बर्फाच्या कारखान्यात सापडला,
आकड्याने लादी ओढताना.
“नोंद? आसा मां,” म्हणाला, आणि वही काढली,
ओल धरून फुगलेली. त्यात:
कॅमेऱ्याचं भाडं, पगारातून उचल.
सहा बायकांची तीन दिवसांची मजुरी, कारण
शूटिंगच्या नादात कालवं गोळा झाली नाहीत.
बॅटरी एक, पाण्यात गेली.
सगळा सिनेमा होता तिथे, तारीखवार.
मी म्हटलं, हा घरचा पुरावा, धरता येत नाही.
“बरां,” म्हणाला, आणि पुढची लादी मोजली.

सिनेमा पाहिला सत्यवती जुवाटकरणीच्या टीव्हीवर.
पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात होता, दमट हवेला उपाय.
पाणी मागे जातं. सहा बायका खडकावर उकिडव्या.
चौदा मिनिटं कोणी बोलत नाही,
नुसती कोयती, दगड, कोयती,
आणि मध्येच कुणाचा तरी खोकला.
एकोणचाळिसाव्या मिनिटाला चित्र जातं.
नऊ मिनिटं खाऱ्या हवेने खाल्लीत, आवाज तेवढा उरलाय.
त्या काळोखात सत्यवती म्हणाली,
“हंयसर मी पडलंय. खराच पडलंय. तेना तसांच ठेवल्यान.”
पडणं ऐकू येतं का?
येतं. एक ठोका चुकतो.

आता माझी अडचण ऐका.
गेल्या वर्षी एका बिल्डरच्या मुलाचा सिनेमा आला,
कणकवलीपर्यंत फलक, वर नोंदीसाठी तीन फोन.
मी हेच कलम दाखवलं.
काजूगराचा डबा आला, तोही परत केला.
आज इथे गाठ सैल केली
तर उद्या ती कोणाच्या हातात जाईल, मला माहीत आहे.
‘चांगला असल्यास’ असं एक कलम पूर्वी होतं.
दुसऱ्या आवृत्तीत मीच ते काढलं.

पडवीत सत्यवती कालवं फोडत होती.
“तुमच्या पुस्तकात इलो तर काय जाता?”
मी म्हटलं, पन्नास वर्षांनी अमरावतीत कोणाला तरी
कळेल की असा सिनेमा होता.
“आणि नाय इलो तर?”
मी नियमावलीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
“तेच्यात माझे हात दिसतत मां?” ती म्हणाली.
“मगे आसा तो.”
आणि मला वाटीभर कालवं दिली, वर लिंबू पिळून,
म्हणजे मीही आता घरचं मीठ खाल्लेला.

रात्री लॉजवर शेरा लिहिला:
पुरावा अपुरा. पुन्हा पाहावा.
कार्यालयात समजतील, पुरावा पुन्हा पाहावा.
समजू देत.

सकाळची एसटी साडेसातची होती.
सव्वासहाला पाणी मागे गेलं.
मी पुलाच्या कठड्याला टेकून ठोके मोजत राहिलो,
दोनशे बारापर्यंत आलो,
मग कोणीतरी खोकलं आणि मोजणी चुकली.