निर्लेखन बाकी

चार्ज देताना अतिग्रे सर खुर्चीत बसलेच नाहीत.
खिडकीशी उभे राहून म्हणाले, वाच बंडा.
मी जिमखान्याची नोंदवही उघडली.
जाळ्या दोन, एक उंदरानं कुरतडलेली.
शंकू चौदा. पंप एक, वॉशर नसलेला.
शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती,
आतला मणी झिजून कधीच निसटलेला,
नुसती हवा वाजायची, तरी पोरं थांबायची.

एकतीस वर्षं.
पहिल्या साली सांगलीत सात गोल खाल्ले.
येताना एस.टी.त कुणी कुणाकडं बघेना.
हातकणंगल्याला सर मागं वळले,
"भूक न्हाई व्हय रं कुणाला?"
भडंगाचा पुडा पुढच्या सीटवरनं मागं गेला,
रिकामा होऊन परत आला.
त्या मॅचबद्दल एवढंच बोलणं झालं.

पुढं ढाली आल्या. विद्यापीठाच्या नऊ.
प्राचार्य बदलत गेले, कपाट तेच,
पाहुणे यायचे असले की मी काचा पुसायचो.
सर कपाटाकडं पाठ करून बसत,
पेनल्टीला करत तशी.
अख्खं शाहू स्टेडियम श्वास धरून,
आणि हा माणूस गॅलरीतली तोंडं बघत उभा.
"गोल तिकडं दिसतोय की."

शिवाजी पेठेच्या पोरानं
मंगळवार पेठेच्या पोराला पास दिला नाही,
तर दोघांना आठवडाभर
एकाच सायकलवरनं यायला लावलं.
डबलसीट. पुढं कोण बसणार, यावरून
तिसऱ्या दिवशी मारामारी झाली.
चौथ्या दिवशी पास गेला.

जिंकलो की रात्री गंगावेशीत, म्हशी बांधल्यात तिथं,
प्रत्येकाला धारोष्ण दुधाचा ग्लास.
हरलो तरी गंगावेशीतच.
पैसे कोण देतं, पोरांनी कधी विचारलं नाही.
वहिनींनी एकदा मला विचारलं होतं.

मग चेंडू. लिहिलेले अठ्ठावीस,
मोजले तर सत्तावीस.
नवे साहेब म्हणाले, एक कमी भरतोय.
सत्त्याण्णव सालची नोंद, सरांचंच अक्षर:
चेंडू एक, हरवला. निर्लेखन बाकी.

हरवला नव्हता.
इस्माईल बारगीर, डावखुऱ्या पायाचा.
संघात नाव लागलं त्याच आठवड्यात बाप गेला,
पोरगं शिरोलीला फौंड्रीत लागलं.
दाखला न्यायला आला तेव्हा
सर त्याला थांब म्हणाले नाहीत.
मला कुलूप काढायला लावलं,
नवाकोरा चेंडू त्याच्या कॅरियरला
स्वतः बांधला, ट्यूबच्या पट्टीनं, दोनदा गाठ मारून.
तो फाटकातनं वळून दिसेनासा झाला
तरी सर तिकडंच बघत उभे.
त्या दिवशी पाठ फिरवली नाही.

"किती हुतंय?" सरांनी पाकीट काढलं.
मी जुना दर लावला, तीनशे चाळीस.
त्यांनी चारशे दिले, सुट्टे नव्हते,
साठ रुपये अजून माझ्याकडं आहेत.

हॉलमध्ये माईक टेस्टिंग चाललं होतं.
फेटा बांधणारा दोनदा डोकावून गेला.
साहेबांनी विचारलं, आणि शिट्टी?
सरांचा हात गळ्याकडं गेला.
तोवर मी लिहून टाकलं होतं, माझ्या अक्षरात:
शिट्टी एक, हरवली.