वजा

शाळेत शिपाई होतो तेव्हा घंटा द्यायचो.
आता महिन्यातून एकदा देवराईची हजेरी घेतो.
एकशे बारा झाडं. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला,
छातीच्या उंचीवर पोलादी पट्टा, पट्ट्याला स्प्रिंग.
खोड फुगलं की पट्टा सरकतो,
किती सरकला ते मी वहीत लिहितो.
तारकुंडे मॅडमनी शिकवलंय:
डोळा पट्ट्याच्या समोर, तिरका नको.

सात वर्षं आकडे पुढेच जात होते.
कधी केसाएवढे, कधी भाताच्या तुसाएवढे.
किंजळ घाईची. सातवीण लहरी.
आणि वहाळाकाठची रानजायफळं,
चिखलातून गुडघे वर काढून बसलेली,
त्यांचं सगळंच आस्ते.

यंदा पावसानं दसऱ्याआधीच पाठ फिरवली.
सुरंगी पौषातच फुलली;
वळेसर ओवणाऱ्या बायका आल्या
तेव्हा फांदीवर नुसता भुगा.
माघात वहाळ तुटला. आधी धार गेली, मग डबकी,
उरली खेकड्यांची भोकं.
चैत्रात भर दुपारी राईत शिरलो
आणि सावली गरम लागली.
हे मला नीट सांगता येत नाही.
सावली होती, आणि ती गरम होती.

मॅडम फोनवर म्हणाल्या, पानं तोंड मिटून बसतात.
पानाला बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी जातं,
आणि त्याच भोकांतून जेवण आत येतं.
तहान राखायची तर भूक मारायची.
मी फोन कानाला धरून वर बघत राहिलो.
एकशे बारा जणांचा उपास,
कुणी नवस न बोलता.

बिल्ला क्रमांक एक्केचाळीस.
धूप. राईतला सगळ्यांत जाड,
चौघांच्या कवेत न मावणारा.
वरच्या ढोलीत दरसाल ककणेर बसते,
यंदा आली, डोकावली, गेली.
पट्टा सैल होता,
कमरेला कोयत्याची आकडी सैल व्हावी तसा.
वाचलं. चष्मा पुसून वाचलं.
दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो,
कारण रात्री झाडं थोडं पाणी पितात.
तरी तीन मिलिमीटर मागे.
सात वर्षांत पहिल्यांदा मला वजा लिहायचं होतं
आणि वहीत वजाला जागा नव्हती.
रकाना आकड्यापुरताच आखलेला.
चिन्ह मी रेषेच्या बाहेर काढलं.

बाबल घाडी गाऱ्हाणं घालायला आला होता.
नारळ ठेवून, मान वर करून म्हणाला,
"सुकाक नाय रे ता. पाणी राखून आसा.
अडचणीत आमी नाय पोट बांधून रवतंव?"
शेवंती टोपलीत पातेरा भरत होती.
"चैतात पडाचो तो माघातच पडलो," ती म्हणाली,
"माका बराच. पण हात लावन बघ."
मी मूठभर उचलला.
पातेरा हिरवा होता.

मग वाकून रोपं मोजली, तेही काम माझंच.
जायफळाची शून्य. दोनदा मोजली, शून्य.
ऐनाची चौदा, किंजळीची नऊ.
पानं टाकून उन्हाळा काढणारी जात,
सड्यावरची, कातळाच्या फटीत वाढणारी,
उतरत उतरत वहाळापर्यंत आलीत.
म्हणजे राई राहील,
मी मॅडमना म्हणालो.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, हो, कुठली तरी राहील.

पुढल्या वहीत मी स्वतः पट्टी घेऊन
एक जास्तीचा रकाना आखलाय, चिन्हापुरता.
एक्केचाळीसचा आकडा सध्या पेन्सिलीनं लिहितो.
आमच्या शाळेत मास्तर
दुसरी घंटा होईपर्यंत
कुणाला गैरहजर मांडत नसत.