पोट म्हणालो

पंधराव्या वर्षी, रात्री एकच्या सुमाराला
आईला उठवून म्हणालो, पोटात दुखतंय.

पोट नव्हतंच.
पोट हा मला सापडलेला सगळ्यात जवळचा शब्द.
त्याच्या खाली जे होतं त्याला
आमच्या कुमठ्यात दोनच नावं,
एक शिवीतलं, एक बैलाचं.
पुस्तकात तिसरं होतं, अंडकोष,
तो धडा मास्तरांनी घरी वाचायला सांगितला होता.

आईनं हिंग कालवून बेंबीभोवती लावला.
ओवा दिला. मी ओकलो.
बरं झालं, घाण पडली, म्हणाली.
पहाटे दगडूतात्या आले,
पाय जुळवून दोन्ही अंगठे ताडून पाहिले,
एक दुसऱ्याहून कणभर वर.
"बेंबी सरकलीया."
काहीतरी वर सरकलं होतं खरं.
पण ते मी कुणाला दाखवलं नव्हतं.

कोरेगावच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं.
चड्डी उतरव. कधीपासून?
एकपासून.
भिंतीवर साडेअकरा वाजले होते.
ते काही बोलले नाहीत, नुसती चिठ्ठी लिहिली,
अक्षर पळत सुटल्यासारखं.

साताऱ्यात एक काढलं. एक राहिलं.
एकावर सगळं चालतं, हे आत्ताच सांगून टाकतो:
दोन पोरं आहेत, आवाज आहे, मिशी आहे.
फक्त घेवडा झोडपताना कुणी
पोट दुखतंय म्हणालं
की अजून हातातली काठी थांबते.

आता कोरेगावात मोटारी रिवाइंड करतो.
गेल्या मार्गशीर्षात, दुपारी, प्रणित,
दुकानात शिकायला असलेला, सोळाचा,
स्टुलावर वाकून बसला, राखेच्या रंगाचा.
दादा, पोटात…

मी तार खाली ठेवली.
पोट, का त्याच्या खाली?
तो कॅलेंडरकडं बघत राहिला.
मग मी तो शब्द बोललो,
जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं, शिवी नसलेल्या आवाजात.
गिऱ्हाईक पंप घेऊन उभं होतं.
राहू दे उभं.
प्रणितनं मान हलवली.
कधीपासून?
तास झाला. झोपेतनं उठलो तेच कळ घेऊन.

गाडीवर त्याला बसवेना,
फर्निचरवाल्याच्या छोट्या हत्तीत आडवा घातला.
माहुलीच्या पुलावर पुढं उसाची ट्रॉली,
मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.
त्यानं पाणी मागितलं, दिलं नाही,
ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं बरं,
एवढं मला माझ्या वेळचं आठवत होतं.

आत पीळ सोडवला.
जांभळं पडलेलं पुन्हा गुलाबी झालं,
सर्जनबाई मास्क गळ्यात लोंबकळत सांगत होत्या.
रक्त नेणारी दोरीच पिळते, म्हणाल्या,
चार तास, फार तर सहा,
नंतर दर तासाला आशा कमी.
आपोआप थांबलं तरी यायचं, पुन्हा पिळतं.
मी विचारलं, आणि हळूहळू दुखलं तर?
सूज, ताप, लघवीला जळजळ, ते बहुतेक वेगळं असतं,
तरी दाखवायचं. दुखत नाही पण गाठ लागते,
तेही दाखवायचं, लाजून महिने काढायचे नाहीत.
पण अशी अचानक उठलेली कळ, वर उलटी,
तिला सकाळ नसते.

सकाळ नसते.
आमच्या घरी तेव्हा सगळं सकाळवर टाकायची रीत होती.

रात्री वॉर्डात त्याच्या आईचा फोन.
काय झालं रे?
पोट दुखत होतं, म्हणाला तो.
मी फोन घ्यायला हात पुढं केला.
देईना.
डोक्यावर पंखा कुरकुरत होता, बेअरिंग गेलेलं.
मग त्यानं भिंतीकडं तोंड वळवलं.
आई, पोट नव्हतं गं, म्हणाला,
आणि थांबला.
शब्द शोधत होता.
मी पंख्याकडं बघत राहिलो.
शोधू दे.