निळ्या रेषेच्या आत

विकास आराखड्यात पिवळा म्हणजे राहण्याचा,
जांभळा कारखान्याचा.
जुन्या जकात नाक्याला रंगच नाही.
जकात गेली, नाका राहिला,
गंजलेल्या आडव्या दांड्यासकट,
वजनकाट्याच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यासकट.

मी सांगलीच्या नगररचनेतला आरेखक.
बावीस वर्षं शहर हाताखालून जातंय,
एकास चार हजार.
त्या प्रमाणात माणूस दिसत नाही.

तहेसीन शिकलगार दिसली ती टेबलासमोर:
एका हातात हळकुंड, दुसऱ्यात
ओल मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र.
"सौद्यात हळकुंड मोडून आवाज ऐकतात," म्हणाली,
"मी तो आवाज आकड्यात मांडते.
कुपवाडात गाळा परवडत नाही. नाका द्या."

साहेब म्हणाले, नाका पूररेषेच्या आत येतो.
येतोच.
कृष्णा तिथे जकात न भरता शिरते.

फाईल फिरली. अग्निशमन, आरोग्य, मालमत्ता,
पुन्हा मालमत्ता.
कुणी लिहिलं, हळद हा उद्योग की शेती, खुलासा व्हावा.
कुणी लिहिलं, यंत्राचा नमुना जोडावा.
तिनं जोडला, फाईलच्या नाडीला बांधून.
तो अकरा टेबलं फिरला
आणि प्रत्येक टेबलाची ओल सांगत आला.

शेवटी आवटीबाईंनी,
निवृत्तीला सात दिवस उरले असताना,
हिरव्या शाईत लिहिलं:
टेबल म्हणजे बांधकाम नव्हे.
भाडे दरमहा अकराशे.
पूर आल्यास टेबल उचलावे.

मीटर बसवला छताला लागून,
भिंतीवरच्या गढूळ रेघेच्या वीतभर वर.
वायरी खाली लोंबतात
मांडवातल्या दोडक्यासारख्या.
रीडिंगला येणारा स्टूल मागतो.
स्टूल मंजुरीत नव्हतं. त्याची फाईल वेगळी.

आता नऊ जण बसतात तिथे.
एकजण मिरजेहून भोपळे आणतो,
टिचकी मारून तंबोऱ्याची जाडी शोधतो.
कुणाचं काय चाललंय मला कळत नाही,
पण सगळ्या टेबलांना चाकं आहेत
आणि जुन्या पावतीच्या खिडकीतून
चहा आत जातो.

काल नकाशा अद्ययावत करताना
त्या ठिपक्यापाशी पेन अडलं.
जांभळा म्हणावा, तर धुराडं नाही.
नाक्यावरून परतलो होतो, हात धुतले नव्हते,
बोट टेकलं.
ट्रेसिंगवरून हळद जात नाही.

नियमानं बघितलं तर
नाका आता राहण्याचा झाला.
दुरुस्तीचा प्रस्ताव
अजून कुणी मांडलेला नाही.