पहिलं बोट

रविवारी, बिटको चौकामागे, पतपेढीच्या वरच्या खोलीत
नऊ जणांची बैठक आणि आठ खुर्च्या.
मी खिडकीच्या कठड्याला टेकलो.
तेवीस वर्षं गोलात उभा आहे,
बसायचं फारसं मनावर घेत नाही.

विषय एकच : कॅम्पवाल्यांचा लाजरस शेलार.
वय सव्वीस. हात असे,
की चेंडू दमून त्यांच्यातच येऊन निजतो.
कॅम्पवाले सोडायला तयार आहेत.
पैसे नकोत म्हणतात,
दोन उन्हाळ्यांचं आपलं पहिलं बोट द्या.

आमच्या लीगची ही जुनी रीत :
मे महिन्यात शिबिर संपतं,
पोरं रांगेत बसतात, गुडघ्यांना माती,
आणि जो संघ तळाला, तो आधी बोट दाखवतो.
तळाला आम्ही.
तेवढीच एक आमची कमाई.

तडवी सर म्हणाले, मागच्या मोसमात बेचाळीस गोल खाल्ले.
माझ्याकडे कोणी बघितलं नाही.
माणसं चांगली आहेत.
खाल्ले मीच. एकेकाची चव सांगू शकतो,
सिन्नरविरुद्धचा तिसरा अजून घशात आहे.

कोकणीभाई म्हणाले, पोरं काय, दरवर्षी उगवतात.
गोलकीपर उगवत नाही.
वसुधाताई निरभवणे हिशेबाची वही मिटून म्हणाल्या,
ज्यांना अजून मिसरूड नाही त्यांचा सौदा?
आणि आज बोट द्याल, उद्या मनगट धरतील.
मग चहा आला. चहातही तेच.

मी प्रेसमध्ये कामाला.
कोरे कागद मोजतो,
ज्यांच्यावर अजून आकडा उमटलेला नाही.
त्यातला एक जरी कमी भरला
तरी गेट बंद होतं,
सगळी पाळी थांबते, घरी कोणी जात नाही.
कोऱ्याला किंमत नसते असं
आमच्या खात्यात कोणी म्हणत नाही.

पण खरं तर हेही सांगायला हवं होतं
की मला कोणी बोट दाखवून घेतलं नव्हतं.
रांग उठली, मी उरलो.
पॅड कोणाला बसत नव्हते, मला बसले.

चार हात वर, चार खाली.
आता मात्र सगळ्यांनी बघितलं.
मी म्हणालो, लाजरस घ्या.
माझा गुडघा जिना चढतानाच मत देऊन आलाय.
पण येत्या उन्हाळ्याचं बोट नाही द्यायचं.
हरसूलच्या आश्रमशाळेत एक भोये आहे,
चेंडू मारायच्या आधी मान वर करून बघतो.
एवढंच करतो. हे शिकवता येत नाही.
त्याला आपण घ्यायचा.
त्यानंतरचे दोन उन्हाळे
त्यांना देऊन टाका.

तडवी सरांनी फोन लावला, टेबलावर ठेवला.
पलीकडे पंखा ऐकू येत होता.
चालेल, म्हणाले.
इतक्या चटकन म्हणाले
की माझ्या हातातली बशी हलली.

टाळ्या झाल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली,
मोठा माणूस आहेस, असं काहीसं.
वसुधाताईंनी ठराव लिहून घेतला,
सूचक म्हणून माझं नाव.

खाली स्कूटर सुरू होईना.
किक मारता मारता हिशेब लागला :
भोयेला मी पाहिलं होतं, म्हणून तो वाचला.
ज्यांना पाहिलं नाही ते दोघं दिले.
आत्ता कुठेतरी पाचवी-सहावीत असतील,
चेहेडीला, पळशाला, कुठेही,
उद्याच्या डब्याची काळजी नसलेले,
आणि आम्ही इकडे
त्यांच्या वतीने हात वर केलेले.

एक गाडी पुढे काढायला हॉर्न देत होती.
मी बाजूला झालो.
काय सांगावं,
त्यातल्या एकाला
माझेच पॅड बसले असते.