उभं राहण्यापुरतं

जालन्याच्या भंगारबाजारात
मी गळ्यातली टेप काढली
तेव्हा जब्बारभाईचा पोरगा हसला,
"क्या चाचा, गाडी को शेरवानी सिलाते क्या?"

हसू दे.
सेलूत बेचाळीस वर्षं हेच केलंय.
गिऱ्हाईक दारात आलं की आधी खांद्याकडे बघायचं,
मग चपलेकडे,
कापडाचं बोलणं सगळ्यात शेवटी.
रंग काय, कशालाही मारता येतो.
चासी खोटं बोलत नाही.

पहिली, बँकेची रोकड वाहणारी व्हॅन.
दणकट. पण खिडकी बंदुकीच्या नळीपुरती.
रत्नमाला म्हणाली, यातून बाहेर बघायचं म्हणजे
कुणावर तरी नेम धरल्यासारखं.

मग पावाचा टेम्पो.
आत अजून आंबूस वास, कोपऱ्यात मुंग्यांची रांग.
लांबी एकशे आठ. आडवं पडायला पुष्कळ,
बसलं की डोकं टेकतं.
मला चाललं असतं,
मशीनवर वाकून वाकून
मी टेम्पोच्याच मापाचा झालोय.
ती झाली नाही.
सदुसष्ट इंच.
पोरगी लांब आहे म्हणून तिघांनी नाकारलेली,
सरकारी क्वार्टरच्या प्रत्येक चौकटीला
हिचं कपाळ माहीत.

नगरपालिकेचा स्वर्गरथही उभा होता.
स्वस्त, टायर जवळजवळ नवे.
"लई हळू चालवलेली गाडी," जब्बारभाई म्हणाले,
"बसणाऱ्याला कधी घाई नव्हती."
आम्ही चहा सांडेपर्यंत हसलो.
तिने तरी वाकून सायलेन्सर बघितला.
म्हणाली, घेतली असती हो,
पण पोरीला फोटो कसला पाठवायचा?

आणि रुग्णवाहिका.
मला वाटलं, हीच.
छत उंच, बाक आयतं, औषधांचं कपाट,
सलाइनचा हूक जागच्या जागी.
हुकाला रात्री दिवा टांगू,
मी बोलूनसुद्धा गेलो.
ती आत चढली. ताठ उभी राहिली.
डोकं कशालाच लागलं नाही.
हुकाला नुसतं बोट लावलं
आणि उतरली.

"यात मला झोप नाही यायची.
यात मी कायम जागीच होते."

एकतीस वर्षं नर्स.
पाथरी ते परभणी, रात्रीची,
एकीला घेऊन निघायची
आणि दोघांना घेऊन पोचायची.
नेहमीच नाही.

मी टेप गुंडाळली.

उन्हं कलल्यावर, कुंपणाला टेकलेली
शाळेची छोटी बस दिसली.
पिवळी. बारा खिडक्या, दोन काचा गायब.
एका बाकाच्या पाठीवर कर्कटकाने कोरलेलं:
सुधन्वा चोर आहे.
"हे बाक राहू दे," रत्नमाला म्हणाली,
"बाकीची काढा."

उंची एकसष्ट.
ती आत मान तिरकी करून उभी,
वर्गाबाहेर काढल्यासारखी.
छत कापून चढवता येईल, जब्बारभाई म्हणाले,
वेल्डर आपला आहे,
पासिंगचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

ओटा कुठं, पंखा कुठं,
मेमध्ये हा पत्रा तवा होणार
तर आतून जुन्या गोधड्या ठोकायच्या का,
असं बराच वेळ चाललं.
मागे दोनशे लिटरची टाकी.
पुरेल? पोरगा म्हणाला.
त्याला रत्नमाला म्हणाली,
बाळा, टँकरमागे पळण्यात निम्मं आयुष्य गेलं आमचं.
आता टाकी पळेल आमच्या मागं.

खिशातून खडू काढला.
कापड आणि पत्रा, खडूला फरक कळत नाही.
सहा इंचांवर रेघ मारली.

तिने अंबाड्यावरून हात फिरवला, वर बघितलं.
"सहा नको. नऊ कर.
तुम्ही शिवणीत ठेवता ना आत,
पुढं उसवून वाढवायला,
तसं.
माया."

"पत्रा नाय उसवत चाची," पोरगा म्हणाला.

मी दोन हजार विसार दिला,
रेघ बाहीने पुसली
आणि वर दुसरी मारली.